डाव्याउजव्याचा पाहुणचार

माझे वडील देवदूत आहेत. हे मी लेकीच्या मायेने म्हणत नाही; आखाड्यात त्यांचं नावच ते होतं. एल केरुबिन. पांढरा मुखवटा, पांढरी विजार, पाठीवर कोंबडीच्या पिसांचे पंख. तीस वर्षं ते कुस्ती खेळले आणि तेवढ्या काळात त्यांनी कुणाचे केस ओढले नाहीत, पंचाची पाठ वळल्यावर कुणाला बुक्की घातली नाही, की तोंडातून एक वेडावाकडा शब्द काढला नाही. समोरचा पडला की हात देऊन उठवायचे. उठलेला तोच हात पिरगाळायचा आणि बायका रडायच्या. मेक्सिको शहराला लागून असलेल्या आमच्या नेसातल्या निम्म्या आज्यांचं पहिलं प्रेम माझे वडील आहेत, आणि त्यांतल्या एकीनेही त्यांचा चेहरा पाहिलेला नाही.

आमच्याकडे मुखवटा पणाला लावून खेळतात आणि हरणाऱ्याला तो उतरवावा लागतो; ते कधी हरले नाहीत, त्यामुळे लोकांसमोर तो कधी उतरला नाही. घरी ते टक्कल पडलेले डॉन एलेउतेरिओ, बनियनवर बसून राजमा निवडणारे. सगळ्या गल्लीला हे ठाऊक आहे आणि सगळी गल्ली ठाऊक नसल्याचं सोंग छान वठवते. मक्याच्या पोळ्या विकणारी तोर्तियावाली त्यांना विचारते, "डॉन एलेउतेरिओ, तो केरुबिन हल्ली कुठे असतो हो?" पापा म्हणतात, "असेल कुठेतरी, म्हातारा झाला असेल." दोघंही गंभीर.

मी, अम्पारो, मात्र गांधीलमाशी आहे. ला अविस्पा. जांभळा मुखवटा, आणि आखाड्यात माझी जात रुदा. आमच्याकडे पैलवानांच्या दोनच जाती. तेक्निको म्हणजे नियमाने खेळणारे सज्जन, ज्यांच्यासाठी लोक टाळ्या वाजवतात. आणि रुदो म्हणजे आम्ही. आमचं काम लोकांना संताप आणणं. ज्या रविवारी मला शिव्या पडत नाहीत, त्या रविवारी मी घरी येऊन जेवत नाही.

तसं मला पापांनी तेक्निकाच केलं होतं. माझ्यासाठी पांढरा मुखवटा शिवून घेतला, कानांपाशी दोन चिमुकली पिसं. ला केरुबिना. वर्षभर मी पडलेल्यांना हात देत फिरले आणि मला इतका कंटाळा आला, की कुस्ती चालू असताना मी संध्याकाळच्या भाजीचा विचार करायची. मग एकदा एका बाईने माझ्या डोळ्यात बोट घातलं आणि मी तिच्या दंडाला कडकडून चावले. आखाडा उसळला. एका म्हाताऱ्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मला वाटलं, आले बाई एकदाची माझ्या घरी.

पुढच्या महिन्यात मी जांभळा मुखवटा चढवला. पापांनी पांढरा कपाटात ठेवला आणि "ठीक आहे" म्हणाले. बस, एवढंच. त्यानंतर सहा वर्षं ते माझी एकही कुस्ती पाहायला आले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं, पण देवदूत भांडत नाहीत, नुसते गप्प बसतात. आम्ही एका घरात राहतो, एका टेबलावर जेवतो, पावसापाण्याचं बोलतो, माझ्या नवऱ्याच्या बसच्या क्लचबद्दल तर तासन् तास बोलतो. कुस्तीबद्दल अवाक्षर नाही. मला त्यांची टाळी नको होती. एकदा त्यांनी पुढच्या रांगेत बसून मला पाहावं आणि मनात तरी म्हणावं, हो, हिला जमतं, एवढंच हवं होतं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, लालोलासुद्धा नाही. नवऱ्याला ते न सांगताच कळलं होतं, ही गोष्ट वेगळी.

मग आमचा प्रमोटर डॉन वेन्सेस याने भिंतीभिंतीवर कागद चिकटवले: मेक्सिको आणि जपान, एकाच रिंगमध्ये, रविवारी पाच वाजता, अरेना लास पालोमास. ओसाकाहून चार पैलवान मुली येणार होत्या. शेवटची कुस्ती चिनात्सु ओगावाराची, आणि तिच्यासमोर मी.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला पापा साल्साच्या, म्हणजे टोमॅटो-मिरचीच्या चटणीच्या, वाडग्याकडे पाहत म्हणाले, "रविवारी मी येणार आहे. पाहुणे येतायत म्हणून. न येणं बरं दिसत नाही."

मी तोंड उघडलं. लालोने टेबलाखालून मला लाथ मारली, म्हणजे बोलू नकोस.

पापा तरुणपणी तीनदा जपानला खेळून आले होते आणि तिथल्या लोकांनी त्यांना कायमचं जिंकलं होतं. तिथे प्रेक्षक गप्प बसून कुस्ती पाहतात, आणि पैलवानाचं नाव पुकारलं की त्याच्या रंगाच्या कागदी फिती रिंगमध्ये फेकतात. इंद्रधनुष्य कोसळल्यागत दिसतं, असं ते सांगायचे. तेव्हा, म्हणजे मी चावायला लागायच्या आधी.

"आणि एक," पापा वाडग्यालाच म्हणाले, "तिकडे डावा हात धरतात."

सहा वर्षांतलं त्यांचं कुस्तीवरचं हे पहिलं वाक्य. त्याचा अर्थ सांगते. आम्ही मेक्सिकोत पकड घालतो ती समोरच्याच्या उजव्या हातावर, उजव्या पायावर. का, ते विचारू नका. आमच्या गुरूंनी तसं शिकवलं आणि त्यांच्या गुरूंनी त्यांना. बाकी सगळी दुनिया डावी बाजू धरते. दोन अंगांची माणसं एका रिंगमध्ये सोडली, की रस्त्याच्या दोन वेगळ्या बाजूंनी गाडी चालवणारे समोरासमोर आल्यासारखं होतं.

पापांनी मला सल्ला दिला होता. साल्सामार्फत का असेना, पण दिला होता. मी ठरवलं, आपण डावी बाजू शिकायची आणि अशी शिकायची, की ती जपानी पोरगी तोंडात बोट घालेल आणि पुढच्या रांगेतला पांढरा मुखवटा एकदा तरी मान हलवेल.

महिनाभर रोज संध्याकाळी मी अंगणात गादी टाकून लालोचा डावा हात पिरगाळला. बिचारा दिवसभर बस चालवून यायचा. "अगं, गिअर उजव्या हाताने टाकतो म्हणून बरंय," तो गादीवर पालथा पडून म्हणायचा, "नाहीतर प्रवाशांना ढकलत न्यावं लागलं असतं." पापा वरच्या खोलीच्या खिडकीत असायचे. मी वर पाहिलं, की पडदा हलायचा.

जपानी मुली मंगळवारी आल्या. पापा सूट घालून, मुखवटा चढवून विमानतळावर गेले, आणि नंतर रोज दुपारी त्यांच्या हॉटेलवर. काय करतात विचारलं तर म्हणे, "पाहुणचार." गल्लीतल्या लोकांना त्यांनी फिती फेकायलाही शिकवलं. चिनात्सुचा रंग लाल, म्हणून लाल कागदी फितींची रिळं पोतंभर आणली होती. "आतला पुठ्ठा काढायचा. फितीचं टोक बोटात धरायचं. मग उंच फेकायचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. हे मी जिन्यावरून ऐकत होते. जांभळ्या रंगाचं नाव कुणी काढलं नाही. कशाला काढतील? रुदाला फिती नसतात, तिला भुईमुगाची टरफलं असतात.

रविवारी आखाडा खच्चून भरला. पापा पुढच्या रांगेत, पांढरा मुखवटा, करडा सूट, मांडीवर रिळांची पिशवी. पंच एल तोपो रिंगमध्ये आला. त्याला फार कमी दिसतं, आणि जे दिसत नाही ते नेमकं रुदोंनी केलेलं असतं. म्हणून तो आम्हाला प्राणप्रिय आहे.

चिनात्सुचं नाव पुकारलं. लहानखुरी, गोल चेहऱ्याची, लाल पोशाखातली मुलगी. तिने चारी बाजूंना वाकून नमस्कार केला आणि आमच्या गल्लीने रिळं फेकली. टोक धरायचं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पुठ्ठा काढायचं मात्र कुणाच्याच नाही. तीस-चाळीस रिळं दगडासारखी आली. एल तोपोला दोन कपाळावर बसली, एक घोषणा करणाऱ्याच्या तोंडावर. चिनात्सु मात्र त्यांतून सरळ उभी राहिली आणि हसली. तिच्याबरोबरच्या मुलींनी भराभर फिती गोळा करून रिंगच्या कोपऱ्यात खाली ढीग लावला. पापा कपाळाला हात लावून बसले होते.

मग माझं नाव पुकारलं. टरफलं, लिंबाच्या साली, माझ्या आईची चौकशी. सगळं यथासांग. मी पापांकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात कोटाच्या खिशात होता आणि तो तिथेच राहिला. मला वाईट वाटलं. काय अपेक्षा होती मला, ठाऊक नाही, पण वाईट वाटलं.

घंटा वाजली. मी पुढे झाले आणि चिनात्सुचा डावा हात धरायला गेले. तिने त्याच क्षणी माझा उजवा हात धरायला झेप घेतली. आमची डोकी एकमेकींवर आदळली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

मी मागे सरले. अरे, ही तर आपल्या बाजूने खेळतेय, मी मनात म्हटलं, बरं, मग आपणही आपल्याच बाजूने. मी तिच्या उजव्या हाताला गेले. तिनेही तेवढ्यात तोच विचार केला असावा, कारण ती माझ्या डाव्या हाताला आली. पुन्हा डोकी. तिसऱ्या वेळी आम्ही दोघी एकदमच थांबलो. मी हाताने खूण केली, आधी तू. तिने खूण केली, छे छे, आधी तुम्ही. मग दोघी एकदम पुढे आलो.

आखाडा हसायला लागला. "अरे, लग्न लावून द्या त्यांचं," वरून कुणीतरी ओरडलं. "मुका घे, मुका घे," असा कोरस सुरू झाला. रुदाला लोकांनी शिव्या द्याव्या, टरफलं मारावी, पण हसू नये. हसलं की ती संपली.

आणि चिनात्सुने काय करावं? तिने कमरेत वाकून माझी माफी मागितली. मी इतकी गांगरले होते, की मीपण वाकले.

ला अविस्पाने रिंगमध्ये वाकून नमस्कार केला. रुदोंच्या बाजूच्या रांगेत बसलेली माझी माणसं, जी सहा वर्षं माझ्यासाठी घसा फोडत आली, ती खऱ्याखुऱ्या लाजेने खाली पाहू लागली. मी पापांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हातांनी मुखवटा झाकून घेतला होता आणि बोटांच्या फटीतून ते एकदा माझ्या उजव्या हाताकडे, एकदा चिनात्सुच्या डाव्या हाताकडे पाहत होते. खुर्चीत इतके खाली घसरले होते, की नुसती पांढरी टाळूच दिसत होती.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रोज दुपारी हॉटेलवर. पाहुणचार. माझ्या बापाने मला सांगितलं, तिकडे डावा हात धरतात. आणि तिला जाऊन सांगितलं, इकडे उजवा धरतात. दोघींची सोय व्हावी म्हणून. आयुष्यभर पडलेल्यांना हात देत आलेला माणूस दुसरं काय करणार?

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सहा वर्षांनी एकदा पाहायला आलात, पापा, आणि सज्जनपणाने माझं वाटोळं केलंत. आता बघाच तुमची गांधीलमाशी.

चिनात्सु पुन्हा माफी मागायला वाकत होती. मी दोरातून हात खाली घातला, कोपऱ्यातला लाल फितींचा ढीगच्या ढीग उचलला आणि ती वाकलेली असतानाच तिच्या अंगावर टाकला. डावा नको, उजवा नको. दोन्ही हात एकदम. गरागरा गुंडाळलं. ती सरळ होईपर्यंत तिचा लाल कोष झाला होता. फितीचं टोक मी कोपऱ्यातल्या खांबाला बांधलं, एल तोपोच्या डोळ्यांवर एक फीत टाकली, म्हणजे त्याच्या मनाला टोचणी नको, आणि मग पाहुणीच्या पोटात डोकं घातलं.

कागद तो, केव्हाही फाटला असता. चिनात्सुने तो लगेच का फाडला नाही, आणि कोषातून तिने मला डोळा मारला का, असं मला पुष्कळ जण विचारतात. मी काही पाहिलं नाही. आखाड्यातल्या काही गोष्टी आखाड्यातच राहतात.

लोकांचं हसणं मात्र एकदम थांबलं. ज्या फिती त्यांनी स्वतःच्या हातांनी पाहुणीच्या मानासाठी फेकल्या होत्या, त्यांनीच मी तिला बांधलं होतं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून आवाज आला.

"अगं ए सटवे!"

माणसं वळली. एल केरुबिन खुर्चीवर उभा होता. ज्याच्या तोंडून उभ्या जन्मात वाकडा शब्द कुणी ऐकला नव्हता, तो मुठी आवळून, टाय खांद्यावर गेलेला, मुखवट्याच्या भोकातून नाक फेंदारून उभा होता.

"लाज विकून खाल्लीस का गं? पाहुण्या पोरीशी असं वागतात? निर्लज्ज कुठली, चोरटी, बाजारबुणगी! तुझ्या बापाने काही वळण लावलं की नाही तुला?"

सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, आणि सगळ्या गल्लीने चेहरा सरळ ठेवला. फक्त तोर्तियावाली खुर्चीखाली काहीतरी पडल्याचं निमित्त करून वाकली ती बराच वेळ वर आली नाही.

पापांनी पिशवीत हात घातला. रिळं संपली होती. मग त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला, माझं नाव पुकारलं तेव्हा जो हात खिशातच राहिला होता तोच, आणि आत जे होतं ते जीव खाऊन माझ्याकडे भिरकावलं. पुठ्ठ्यासकट. बरोबर माझ्या कपाळावर, जिथे आधीच टेंगूळ आलं होतं.

ते रीळ माझ्या पायाशी पडलं आणि उलगडत गेलं. जांभळं होतं.

मी तिथेच उभी राहिले. आजूबाजूला आखाडा फुटला होता; एक आजी रडत होती, की केरुबिनचं हे काय झालं; माझी रुदोंची माणसं खुर्च्या आपटत नाचत होती; पाच-सहाशे लोक माझ्या सात पिढ्यांना, म्हणजे त्या खुर्चीवर उभ्या असलेल्या माणसालाच, शिव्या घालत होते. आणि मी मुखवट्याच्या आत हमसून हमसून रडत होते. मुखवट्याचा हा एक मोठा फायदा आहे.

"अम्पारो," एल तोपो डोळ्यांवरची फीत न काढता माझ्या कानाशी कुजबुजला, "बाई, पाडतेस का तिला, का सुट्टी घेऊ?"

मी चिनात्सुला पाडलं आणि तीन डावांतला पहिला माझा झाला. दुसऱ्या डावात ती कोषातून बाहेर आली ती पाहुणी म्हणून नाही. मला दोराबाहेर फेकलं, वरून उडी मारली, आणि मी पापांच्या शेजारच्या दोन खुर्च्या मोडून थांबले. पापा माझ्याकडे वाकले. सवयीने त्यांचा हात पुढे आला. मी तो हात धरला, पिरगाळला, आणि ते इतक्या जोरात ओरडले, की तरुणपणी दर रविवारी हात पिरगाळला गेल्यावर ते कसे ओरडत असतील, ते मला कळलं. तिसऱ्या डावात चिनात्सु मला चावली. डाव्या हाताला की उजव्या, ते तोवर कुणी पाहत नव्हतं. मला तिचा इतका अभिमान वाटला, की मी तिला जिंकू दिलं असतं. पण तशी वेळ आली नाही, ती खरोखरच जिंकली.

शेवटी ती रिंगच्या मध्यभागी उभी राहिली आणि माझ्याकडे पाहून वाकली. मी तिला जीभ दाखवली. तिने लगेच मला दाखवली. लोकांनी दोघींना डोक्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

घरी आले तेव्हा पापा आधीच पोचले होते. बनियनवर, टक्कल चमकवत, टेबलापाशी. उजव्या मनगटाला बर्फाचं फडकं. माझ्या कपाळावरही तसलंच फडकं. लालोने दोन्ही फडक्यांकडे पाहिलं, गालातल्या गालात हसला आणि ताटं मांडली.

"काय मग, पापा," तो म्हणाला, "कशी झाली म्हणे आज कुस्ती? मी पार मागे होतो, नीट दिसलं नाही."

पापांनी तोर्तियाचा तुकडा मोडला. या वेळी ते साल्साकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते.

"जपानी पोरगी चांगली आहे," ते म्हणाले. "पण ती गांधीलमाशी... तसली नालायक बाई मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. मी, जो कधी कुणाला उलटून बोललो नाही, तो खुर्चीवर चढलो. म्हणजे बघ."

सहा वर्षं ज्या वाक्याची वाट पाहत होते, ते हेच होतं, आणि मी कल्पना केली होती त्याहून कितीतरी गोड होतं.

"कुणाची पोर आहे, कोण जाणे," मी कसंबसं म्हटलं.

पापांनी राजम्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं, डाव्या हाताने, कारण उजवा दुखत होता.

"असेल कुणातरी बिचाऱ्याची," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी किती वाजता आहे?"